भाषेच्या कुलपाची किल्ली कोणाच्या कमरेला?

सन २०२५ च्या उन्हाळ्यांत आपल्या राज्यांत भाषेवरून मोठें वादळ उठलें. १६ एप्रिल रोजीं सरकारनें हुकूम काढला कीं, मराठी व इंग्रजी शाळांत पहिल्या इयत्तेपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीनें शिकवावी. १७ जून रोजीं त्या हुकमाची भाषा थोडी मवाळ झाली. आणि लोकांचा विरोध वाढल्यावर २९ जून रोजीं दोन्ही हुकूम मागें घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमण्याचें जाहीर झालें. मुंबई-पुण्याच्या सभांत वक्त्यांचे गळे सुकले, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. परंतु त्या सबंध गदारोळांत आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत वावरांत निंदण करणाऱ्या बाईला, लोहाराच्या भात्याशीं बसलेल्या पोराला, किंवा तांड्याच्या नाईकाला कोणीं विचारलें काय, कीं बाबा, तुझ्या घरांत भाषा किती, आणि तुझें अडतें तें कोणत्या भाषेवांचून? कोणीहि विचारलें नाहीं. म्हणून हा लेख लिहिण्याचें धाडस करीत आहें.

माझें म्हणणें आरंभींच सांगून टाकतों. भाषा एक शिकावी कीं अनेक, हा आम्हां कष्टकऱ्यांपुढें प्रश्नच नाहीं. गरिबाला अनेक भाषा शिकाव्याच लागतात, आणि तो त्या बिनबोभाट शिकतो. प्रश्न हा आहे कीं, ज्या भाषेंत कायदा, कर्ज, औषध आणि हिशेब लिहिले जातात, तिच्या कुलपाची किल्ली कोणाच्या कमरेला लटकते आहे.

आपला जिल्हाच पाहा. घाटावर चिखली-देऊळगांवराजाकडे बोलण्याचा एक हेल, तर घाटाखालीं खामगांव-शेगांवकडे ठसठशीत वऱ्हाडी. मेहकर-लोणारकडच्या तांड्यांवर बंजारा बांधव आपसांत गोरमाटी बोलतात आणि बाजारांत उतरले कीं मराठी. मलकापूर, नांदुरा, खामगांव येथील मुसलमान विणकर, पिंजारी व बागवान यांच्या घरांत उर्दू, आणि गिऱ्हाइकाशीं वऱ्हाडी. उत्तरेस जळगांव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशीं कोरकू, निहाल व भिल्ल मंडळींच्या बोल्या. यांपैकीं निहाली ही तर जगांतील विद्वानांना कोडें घालणारी भाषा आहे. तींत कोरकू, मराठी व हिंदी शब्द पुष्कळ मिसळले आहेत. परंतु तिचा गाभा संस्कृताच्या कुळांत बसत नाहीं, तेलुगु-कानडीच्या कुळांत बसत नाहीं, आणि शेजारच्या कोरकूच्या कुळांतहि बसत नाहीं. कायपर नांवाच्या डच पंडितानें १९६२ सालीं तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ती बोलणारे लोक अवघे दोन-अडीच हजार. आपल्या शिरगणतींत दहा हजारांहून कमी लोकांची भाषा स्वतंत्र छापीत नाहींत. म्हणून सरकारी तक्त्यांत तिचें नांवहि दिसत नाहीं. हॉलंडांतल्या पंडिताला जी माहीत, ती जिल्ह्याच्या ठिकाणच्या साहेबाला ठाऊक असेलच असें नाहीं.

याच पायथ्याच्या एका शाळेंत मी पूर्वीं नोकरीस होतों. तेथें दुसरींत एक निहालाची मुलगी होती. वर्षभर ती वर्गांत एक अक्षर बोलली नाहीं. पाटीवर सांगितलें तें काढी, आणि विचारलें कीं खालीं मान घाली. अध्यापक विद्यालयांत शिकलेल्या बालमानसशास्त्राचा सारा अभिमान बाळगून मीं तिच्या नांवापुढें शेरा लिहिला, "आकलन मंद." पुढें एके दिवशीं आठवडी बाजारांत ती मला बापाशेजारीं बसलेली दिसली. पुढ्यांत चारोळी आणि डिंक. बऱ्हाणपूरकडचा एक व्यापारी हिंदींत भाव पाडीत होता. पोरगी त्याला हिंदींत उत्तर देई, बापाला निहालींत समजावी, शेजारच्या म्हातारीशीं कोरकूंत बोले, आणि चहावाल्याला वऱ्हाडींत म्हणे, "मले नाही पाह्यजे, माह्या बाले दे." वजनांत व्यापाऱ्यानें हात मारला तो तिनें पकडला, आणि हिशेब तोंडीं करून चुकारा मोजून घेतला. मी चार पावलांवर उभा होतों. तिच्या चार भाषांपैकीं मला दोनच येत होत्या. आकलन कोणाचें मंद होतें हें मला त्या दिवशीं कळलें. दुसऱ्या दिवशीं मीं तो शेरा खोडला. पण वर्षभर मीं तिला जें मुकें ठेविलें तें कशानें खोडावें?

बंधुभगिनींनो, हा एका मुलीचा प्रश्न नाहीं. २०११ सालच्या शिरगणतींत देशांतील दर शंभरांपैकीं सुमारें २६ जणांनीं आपणांस एकीहून अधिक भाषा येतात असें सांगितलें, आणि त्यांपैकीं सुमारें ७ जणांनीं तीन भाषा सांगितल्या. माझा स्वतःचा समज असा कीं, खरा आंकडा याहून मोठा असावा. कारण आमचा मनुष्य "भाषा येते" असें म्हणण्यास भितो. ज्याला पुस्तकांतून आली त्यालाच ती "येते", आणि ज्याला बाजारांतून, कामावरून, शेजारधर्मांतून आली त्याला ती येतच नाहीं, असें आमच्या मनावर पिढ्यान्‌पिढ्या बिंबविलें आहे. साहेबाच्या मुलाला तीन भाषा आल्या तर तो बहुभाषी. हमालाच्या मुलाला चार आल्या तर तो अडाणी. हा न्याय कोठला?

विद्येची भाषा वेगळी आणि लोकांची वेगळी ठेवून मधला पूल आपल्या ताब्यांत घ्यावयाचा, ही या देशांतील फार जुनी युक्ति आहे. पूर्वीं धर्म संस्कृतांत कोंडला होता. तो शूद्रांनीं आणि स्त्रियांनीं ऐकूंहि नये असा दंडक घातला, आणि भिक्षुकशाहीनें त्या दाराशीं बसून पिढ्यान्‌पिढ्या दक्षिणा गोळा केली. वऱ्हाड निजामाकडे होतें तेव्हां दरबारची भाषा फारसी. १८५३ सालीं इंग्रजांनीं वऱ्हाडचा कारभार हातीं घेतला, तेव्हां वरची भाषा इंग्रजी झाली. आणि खालीं गांवांत जमिनीचे कागद मोडी अक्षरांत, जीं पटवाऱ्याला वाचतां येत आणि कुणब्याला येत नसत. आंगठा उठविणाऱ्याला आपण कशावर आंगठा उठवीत आहों तें कळत नसे. कुलूप दरवेळीं बदललें. बाहेर उन्हांत ताटकळणारा मात्र तोच राहिला.

महात्मा जोतीराव फुल्यांनीं हें दुखणें नेमकें ओळखलें होतें. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें त्यांनीं जें निवेदन दिलें, त्यांत कुणब्यांच्या मुलांस बालबोध व मोडी वाचन-लेखन, हिशेब आणि शेतीचें प्राथमिक ज्ञान द्यावें, व शिक्षकहि शेतकरी वर्गांतून घ्यावे, अशी मागणी केली. मोडी कां मागितली? कारण गहाणखत मोडींत होतें. जोतीराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत इंग्रजी शिकले. सरकारला जागें करावयाचें तें निवेदन त्यांनीं इंग्रजींत दिलें, आणि शेतकऱ्याला जागें करावयाचा 'शेतकऱ्याचा असूड' मराठींत लिहिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेंत संस्कृत शिकूं दिलें नाहीं; त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढें त्यांनीं संस्कृताचा अभ्यास स्वतःच्या हिमतीवर केला. जगाच्या विद्वानांशीं ते इंग्रजींत बोलले. परंतु आपल्या माणसांशीं बोलावयाचें तेव्हां १९२० सालीं 'मूकनायक' आणि १९२७ सालीं 'बहिष्कृत भारत' हीं पत्रें मराठींतच काढिलीं. नगर जिल्ह्यांतील खेड्यांतून १९१० पासून मुकुंदराव पाटलांनीं 'दीनमित्र' चालविला, तोहि कुणब्याला समजेल अशा मराठींत. या थोरांनीं परकी भाषा शिकतांना आपली टाकली नाहीं, आणि आपली राखतांना परकीला भ्याले नाहींत. कोणती भाषा कोठें चालवावी हें त्यांना कळत होतें. कुऱ्हाड लाकडाला आणि सुई कापडाला, हें कारागिराला सांगावयास नको.

आणखी मागें जा. आपल्या वऱ्हाडांतच, अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपूर येथें, तेराव्या शतकांत म्हाइंभटानें 'लीळाचरित्र' लिहिलें. श्रीचक्रधर हे परंपरेप्रमाणें मूळचे गुजराथचे. त्यांनीं इकडची लोकभाषा आपलीशी करून तींतच उपदेश केला. त्यांच्या मागें जे संस्कृतज्ञ पंडित आले, त्यांनींहि पांडित्य बाजूला ठेवून बायाबापड्यांच्या बोलींत लेखणी चालविली. तेव्हां दोष एखाद्या जातींत जन्म घेण्याचा नाहीं. दोष आहे तो किल्ली लपवून ठेवण्याचा. नामदेव शिंपी पंजाबांत गेला, तिकडच्या लोकांच्या बोलींत गाऊं लागला, आणि त्याचीं पदें शिखांच्या गुरुग्रंथसाहिबांत आजहि भक्तीनें गाइलीं जातात. आपल्या वऱ्हाडचे तुकडोजी महाराज मराठींत आणि हिंदींत दोन्हींकडे सारखेच रमले. या मंडळींवर कोणीं सक्ति केली नव्हती. माणसाची गरज आणि माणसाचें प्रेम या दोनच गोष्टी परकी भाषा शिकवितात. हुकूम शिकवीत नाहीं.

आतां आमच्या घरांतला दोष. आम्हीच आमच्या बोलीला लाजूं लागलों आहों. मुलानें शाळेंत "काऊन" म्हटलें कीं मास्तर हंसतो, "मले-तुले" म्हटलें कीं वर्ग हंसतो. मीहि हंसलों आहें. "वावर नाहीं, शेत म्हण, पऱ्हाटी नाहीं, कपाशी म्हण," असें मीं किती वेळां दरडावलें असेल त्याची गणती नाहीं. इंग्लंडच्या शेजारीं वेल्स म्हणून प्रांत आहे. तेथें गेल्याच्या गेल्या शतकांत, म्हणजे एकोणिसाव्या शतकांत, अनेक शाळांत कोणी मुलगा आपल्या घरची वेल्श भाषा बोलला कीं त्याच्या गळ्यांत लांकडाची पाटी अडकवीत. दुसरा कोणी तसें बोलतांना सांपडला कीं पाटी त्याच्या गळ्यांत. दिवस संपतांना ज्याच्या गळ्यांत ती असेल त्याला मार. हें वाचलें तेव्हां मला संताप आला. आणि मग वाटलें, आपण लांकडाची पाटी अडकवीत नाहीं, हंशाची अडकवितों, एवढाच फरक. ज्या मुलाला त्याच्या आईची भाषा वाईट असें सांगितलें, त्याला आईच वाईट असें सांगितल्यासारखें होतें. तें मूल मग तोंड मिटून घेतें. आणि मिटलेल्या तोंडांत कोणतीच भाषा शिरत नाहीं.

याचा अर्थ प्रमाण मराठी शिकूं नये असा कोणी करूं नये. शिकलीच पाहिजे, आणि चांगली शिकली पाहिजे. सातबारा, फेरफार, ग्रामसभेचा ठराव, कोर्टाचें समन्स हीं वऱ्हाडींत येत नाहींत. परंतु "काऊन म्हणूं नको" असें सांगणें वेगळें, आणि "घरीं काऊन म्हणतों, अर्जांत कां लिहितों" असें सांगणें वेगळें. पहिल्यानें एक भाषा जाते. दुसऱ्यानें दोन होतात.

आतां कुलपाचें आजचें रूप पाहा. फवारणीच्या औषधाची बाटली घ्या. कायद्याप्रमाणें तिच्यासोबतची माहिती हिंदी, इंग्रजी आणि त्या भागाच्या एक-दोन भाषांत छापावी लागते. ती छापतातहि, पण मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, आणि असल्या मराठींत कीं मास्तरालाहि दोनदां वाचावें लागावें. बाटलीवरच्या चौकोनाचा खालचा भाग लाल असेल तर अति जहाल विष, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य; हें किती घरांत ठाऊक आहे? २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसाच्या आसपास शेतकरी-शेतमजूर प्राणास मुकले. त्याला कारणें अनेक होतीं. सगळें भाषेवर ढकलणें खरें होणार नाहीं. परंतु जो कागद वाचून माणूस सावध व्हावयाचा, तो कागद त्याच्यापुढें मुका राहतो, हें त्यांतलें एक दुखणें आहेच. पीकविम्याच्या अटी, बँकेचें करारपत्र, मोबाइलवर येणारे संदेश यांचीहि हीच तऱ्हा. १९६४ सालीं राज्याचा राजभाषा अधिनियम झाला, २०२४ सालीं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ झालें. आनंद आहे. पण अभिजात भाषेच्या माणसाला कर्जाचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागत असेल, तर तो दर्जा मखरांत बसला, घरांत आला नाहीं.

या भीतीपोटींच आमचे लोक पोटाला चिमटा घेऊन मुलांना गल्लींतल्या इंग्रजी शाळेंत घालितात. वर्षाच्या फीपायीं सोयाबीनचा एक तुकडा जातो. गळ्यांत टाय, पायांत बूट. आणि दोन-तीन वर्षांनीं मूल इंग्रजी कविता घडाघडा म्हणतें, पण तिचा अर्थ विचारला कीं आकाशाकडे पाहतें. मराठी वाचतां येत नाहीं, इंग्रजी समजत नाहीं. घरचा धंदाहि सुटला, आणि हापिसहि लांबच. सगळ्याच इंग्रजी शाळा अशा नाहींत. परंतु खेड्यापाड्यांत ज्या निघाल्या, त्यांतील कित्येकांत शिकविणारालाच इंग्रजी येत नाहीं, हें मी डोळ्यांनीं पाहिलें आहे.

येथें कोणी रोकडा सवाल करील, आणि तो करावाच: "मास्तर, मोठ्यांचीं पोरें इंग्रजींत शिकून परदेशीं गेलीं, आणि आमच्या पोरांना तुम्ही मराठींत राहा म्हणतां? हें पुन्हां दार लावणें नव्हे काय?" सवाल खरा आहे. मातृभाषेचे गोडवे गाणाऱ्या कित्येकांचीं मुलें मराठी शाळेची पायरी चढलेलीं नाहींत, हेंहि खरें आहे. माझें उत्तर असें: इंग्रजी सोडूं नका. इंग्रजी ही आजची मोडी आहे. ती आपल्या हातीं आलीच पाहिजे. पण इंग्रजी शिकणें आणि न समजणाऱ्या इंग्रजींत गणित-विज्ञान पाठ करणें या दोन अगदीं वेगळ्या गोष्टी आहेत. पोहणें शिकवावयाचें म्हणून पोराला भरल्या विहिरींत ढकलीत नाहींत. आधीं काठाशीं, कमरेला भोपळा बांधून शिकवितात. आईची भाषा हा तो भोपळा होय. मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी विषय आहे. तो नीट शिकविला जातो कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं फीचे पैसे लागत नाहींत. महिन्यांतून एकदां शाळेंत जाऊन मास्तराला धारेवर धरावें लागतें. मला धरा, मी वाईट वाटून घेणार नाहीं.

हिंदीविषयीं इतकेंच कीं, तिच्याशीं आमचें वैर नाहीं. मलकापूर-खामगांवच्या बाजारांत ती आम्हांला फुकट मिळते. सहा वर्षांच्या मुलावर ती पुस्तकानें लादण्याऐवजीं, तेवढा वेळ त्याला मराठी नीट वाचावयास द्या. पुढें मोठेपणीं तो हिंदीचीं पुस्तकें आपण होऊन उघडील.

आतां करावयाचें काय तें थोडक्यांत सांगतों. आईबापांनीं घरांत जी बोली असेल ती, वऱ्हाडी, गोरमाटी, उर्दू, कोरकू, निहाली, मुलांशीं मोकळ्या मनानें बोलावी, आणि रोज रात्रीं मुलाकडून घरांतला एक तरी कागद मोठ्यानें वाचून घ्यावा: औषधाचें वेष्टण असो, विजेचें बिल असो, कीं हें वर्तमानपत्र. जेथें आईबापांना वाचतां येत नाहीं, तेथें तर हें अवश्य करावें. पोराच्या अक्षरांनीं घरांतल्या चौघांचे डोळे उघडतात. शिक्षकांनीं मुलाच्या बोलीला हंसूं नये. त्याचा शब्द फळ्यावर एका बाजूस लिहावा आणि पुस्तकांतला दुसऱ्या बाजूस. सरकारपाशीं मागणें नवें नाहीं. राज्यघटनेंत १९५६ सालीं ३५०-अ हें कलम घातलें, कीं अल्पसंख्य भाषांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेंतून मिळण्याची सोय करावी. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यांतहि शक्य तेथवर मातृभाषेंतूनच शिकवावें असें आहे. तें पाळा, एवढेंच. पायथ्याच्या शाळांत कोरकू-निहाली समजणारा एक तरी माणूस नेमा, आणि तो त्याच वस्तींतला नेमा. शेतकऱ्याच्या सहीचा प्रत्येक कागद त्याला वाचतां येईल अशा मराठींत आणि अशा अक्षरांत द्या.

ती निहालाची मुलगी पुढें किती शिकली, मला माहीत नाहीं. माझी बदली झाली. परंतु बाजारांत तिनें पकडलेला तो तराजूचा कांटा मी विसरलों नाहीं. आठ वर्षांच्या पोरीला चार भाषा येत होत्या, म्हणून त्या दिवशीं तिचा बाप लुबाडला गेला नाहीं. भाषेचा याहून मोठा उपयोग मला कोणत्याहि ग्रंथांत सांपडलेला नाहीं. ज्या भाषेंत आपल्याला लुबाडतात, ती भाषा शिका. आणि ज्या भाषेंत आईनें घांस भरविला, ती जपा. किल्ली घडविणारा लोहार आपल्यांतलाच आहे. मग किल्लीसाठीं दुसऱ्याच्या दारीं किती दिवस उभें राहावयाचें?

— एक खेड्यांतील शिक्षक, जिल्हा बुलढाणा